शिर्क्यांच्या घरचा आइस्क्रीमचा संचा

मित्रांनो, मी एक जुना आइस्क्रीमचा संचा आहे, आणि माझी गोष्ट एकोणीसशे एक्क्याण्णव सालच्या मे महिन्यातली आहे. त्या सुट्टीत बडोद्याला, रावपुऱ्यातल्या शिर्क्यांच्या घरी, बारा वर्षांच्या एका मुलीला मिठाचं आइस्क्रीम खायला लावलं. ते माझ्याच पोटात तयार झालं होतं.

तुम्ही आइस्क्रीम पुठ्ठ्याच्या खोक्यातून खाता, म्हणून आधी माझी ओळख सांगतो. पुण्याकडे मला पॉट म्हणतात. बडोद्याच्या मराठी घरांत मात्र गुजराती शेजारणींचं ऐकून संचाच म्हणायची रीत आहे. माझी बाहेरची बादली सागवानी फळ्यांची. त्या फळ्यांना लोखंडी पट्ट्यांनी आवळलेलं आहे. बादलीच्या मधोमध कलईचा उंच डबा, डब्यात फिरणारं लाकडी पातं आणि वर दातेरी चाकं आणि दांडा. पात्याला घरातली मुलं पंखा म्हणायची. डब्यात आटवलेलं दूध आणि आंब्याचा रस ओतायचा, झाकण घट्ट बसवायचं आणि डब्याभोवती बर्फाचा चुरा आणि जाडं मीठ भरायचं. मिठामुळे बर्फ अधिक गार होतो. मीठ बाहेर राहिलं तर दूध गोड गोठतं. ते आत गेलं की सगळं संपलं. माझी सगळी अब्रू त्या एका झाकणावर.

मला बळवंतराव शिर्क्यांच्या वडिलांनी हौसेनं घरी आणलं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात माझं मोठं कौतुक व्हायचं. शाळांना सुट्ट्या लागल्या की पाहुणे यायचे, ओसरीवर गाद्या पडायच्या, आणि एखाद्या दुपारी गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी सायकलच्या कॅरियरवरून दारात उतरायची. मग मला माळ्यावरून खाली काढायचे. सुरुवातीला माझा दांडा हलका फिरतो, तेव्हा तो धरायला घरच्या-शेजारच्या मुलांची झुंबड. दूध घट्ट होऊ लागलं की हात भरून येतात आणि एकेक जण पाणी प्यायला म्हणून पसार होतो. म्हणून घरात एक नियम होता. जो शेवटपर्यंत फिरवील, त्याला पंखा चाटायला मिळेल. पंख्याला चिकटलेलं ते पहिलं आइस्क्रीम म्हणजे मोठा मान.

तो मान मुग्धाला कधी मिळाला नाही. दांडा जड झाला की ती एकटीच उरायची. ओठ दाबून, दोन्ही हातांनी फिरवत राहायची. अगदी शेवटी तिचा मामेभाऊ अभिजित यायचा, तिला कोपरानं ढकलायचा, चार वेढे द्यायचा आणि ओरडायचा, "झालं! पंखा माझा!" सगळे हसायचे. मुग्धाही हसायची, कारण तिला तसं शिकवलेलं होतं.

आता घरातली माणसं सांगतो. बळवंतराव एका कचेरीत हेडक्लार्क. बोलणं कमी, पण बोलतील तो शेवटचा शब्द. त्यांची बायको अहल्या आणि एकुलता एक मुलगा अभिजित. बळवंतरावांना दोन बहिणी. मोठी मृदुला इंदूरला दिलेली. तिचे यजमान उदयसिंहराव बँकेत मोठे साहेब, मुलगी मालविका. धाकटी कांचन. मुग्धा तिची मुलगी. मुग्धा दोन वर्षांची असताना कांचनला नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं आणि पुन्हा न्यायला तो आला नाही. मृदुला माहेरपणाला यायची आणि कांचन माहेरी राहायची. ह्या दोहोंत किती अंतर असतं, ते मी दर मे महिन्यात पाहिलं. एकीच्या पानात आंब्याची फोड पडायची. दुसरीच्या हातात आंबे कापायची विळी.

माडीवरच्या खोलीत मायलेकी राहायच्या. त्याच खोलीच्या माळ्यावर माझी जागा होती, म्हणून त्यांचं बोलणं माझ्या कानावर पडायचं. त्या वर्षी सुट्टी लागताच कांचननं मुग्धाला जवळ बसवलं.

"मुगे, नीट ऐक. ही सुट्टी संपली की मामा ठरवणार आहेत, आपल्याला इथे ठेवायचं की नाही ते."

"का? आपण काय केलं?"

"काही नाही केलं. अभिजितला अभ्यासाला खोली हवी, असं मामी म्हणतात. तू शहाण्यासारखी राहिलीस तर मामांचं मन वळेल. त्याच्याशी भांडायचं नाही. कुणी काही बोललं तर हसायचं."

"आणि तो चिमटे काढतो तेव्हा?"

"तेव्हाही."

मुग्धानं मान हलवली. मित्रांनो, त्या सुट्टीत ती मुलगी अशी वागली की जणू घरात नव्हतीच. मालविका तिला घोडा करून पाठीवर बसायची, अभिजित पत्त्यांत दर डावाला तिलाच गाढव करायचा. ती हसायची.

सुट्टीच्या शेवटच्या रविवारी उदयसिंहराव बायको-मुलीला न्यायला आले. बळवंतरावांना ह्या मेहुण्याचा मोठा वचक. सकाळपासून घर नुसतं धावत होतं. कांचननं दूध आटवलं, केशर आंब्यांचा रस काढला, मला राखेनं घासून लख्ख केलं. दुपारी ओसरीवर मला मांडलं. मोगरीनं बर्फ फोडला, थरावर थर मीठ घातलं, आणि मुलं फिरवू लागली. नेहमीप्रमाणे थोड्या वेळानं मुग्धा एकटी उरली.

दूध चांगलं धरत आलं होतं. बर्फ झाकायला कोरडं गोणपाट हवं म्हणून मुग्धा मागच्या अंगणात गेली. तेवढ्यात अभिजित आला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, माझा दांडा उचकटला, झाकण उघडलं आणि आत हात घातला. झाकण काढायच्या आधी वरचं मीठ आणि पाणी पुसून घ्यायचं असतं, हे ह्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यानं पुसलं नाही. वरचं सगळं खारं पाणी, बर्फ, मिठाचे खडे धबकन माझ्या पोटात उतरले. आंब्याचं आइस्क्रीम हातानं ओरबाडताना त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर पिवळा डाग पडला. त्यानं घास तोंडात टाकला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

मुग्धा दारात उभी होती.

"अभि, मीठ पडलं आत!"

"बूम मारू नको, ओरडतेस काय! कुणाला बोललीस तर सांगेन तूच चोरून खाल्लंस. तुझं ऐकणार आहेत की माझं?"

त्यानं झाकण लावलं, दांडा बसवला आणि शीळ घालत निघून गेला. मुग्धा माझ्याजवळ बसून राहिली. आत जाऊन आईला सांगावं, तर आईनंच तोंड उघडायचं नाही असं बजावलेलं. ती पुन्हा फिरवू लागली. आणखी फिरवलं तर मीठ जाईल, असं तिला वाटलं असावं. लहान मुलांना असं वाटतं.

काचेच्या वाट्या भरल्या. पहिली उदयसिंहरावांना. त्यांनी चमचा तोंडात घातला, थांबले, आणि रुमाल काढून त्यात थुंकले.

"वहिनी, इंदूरला आम्ही मठ्ठा पितो. तुम्ही बडोद्याचे लोक गोठवून खाता वाटतं?"

मृदुला पदर तोंडाला लावून हसली. बळवंतरावांच्या कपाळाची शीर फुगली. अहल्येनं विचारलं, "फिरवत कोण होतं?"

सगळ्यांनी मुग्धाकडे पाहिलं. मुग्धानं आईकडे पाहिलं, मग मामाकडे. आणि महिनाभर मिटून ठेवलेल्या तोंडातून एक वाक्य निघालं. "मामा, अभिजितनं झाकण उघडलं होतं."

अहल्येची नजर मुलाकडे गेली. सदऱ्यावरचा पिवळा डाग तिला दिसला. मी समोरच होतो. तिला तो दिसताना मी पाहिलं. तिनं अभिजितला हाताला धरून जवळ ओढलं, कुशीत घेतलं आणि त्या डागावर आपला पदर पसरला.

"माझा मुलगा कशाला उघडेल? दुपारभर माझ्यापाशी झोपला होता."

पुढचं आठवलं की आजही माझ्या पट्ट्या सैल होतात. कांचन उठली आणि तिनं मुग्धाच्या गालावर सणसणीत चपराक मारली. कांचनलाही तो डाग दिसला होता. पण तिला माडीवरची खोली त्याहून मोठी दिसत होती.

"खोटं बोलतेस? मामीच्या मुलावर आळ घेतेस? माग माफी! माग आधी!"

"चुकलं, मामी," मुग्धा म्हणाली. "चुकलं, मामा. मीच सांडलं मीठ."

कांचननं भावाकडे पाहिलं. आता तरी तो 'जाऊ दे, लहान आहे' म्हणेल, अशी तिची आशा. बळवंतराव शांतपणे म्हणाले, "ह्या घरात अन्न वाया जात नाही. जिनं केलं, तिनं खावं."

सगळ्या वाट्या मुग्धापुढे ओळीनं आल्या. मुलं भोवती गोल करून बसली, जसं मदाऱ्यापुढे बसतात. ती खात होती आणि गालावर बोटं उमटलेली होती. तिसऱ्या वाटीला तिला उमासा आला. तोंडावर हात धरून तिनं तो गिळला. भरूचकडे खारवलेले शेंगदाणे मिळतात, त्यांना खारीशिंग म्हणतात. अभिजितनं तेच नाव तिला ठेवलं. "ए खारीशिंग! थोडुं और ले ने!" मालविका हसून हसून लोळली. उदयसिंहराव वर्तमानपत्र वाचत होते. सगळ्या वाट्या संपेपर्यंत तिच्या डोळ्यांतून पाण्याचा थेंब आला नाही, आणि ह्याचाही मामींना राग आला. "बघा किती निगरगट्ट आहे," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले. संध्याकाळी बळवंतरावांनी कांचनला बोलावलं.

"तुझी सोय लावली आहे. आणंदला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला बाई हवीय. राहायला जागा देतात. मुलीला तिथे ठेवून घेत नाहीत. तिच्यासाठी नवसारीच्या निवासी शाळेत शब्द टाकलाय."

"दादा, तिनं माफी मागितली. सगळं खाल्लं की तिनं."

"त्याचा ह्याच्याशी काय संबंध?"

बळवंतराव खरंच बोलत होते. कांचन देवळात गेलेली असताना, पाडव्याच्या दिवशीच सुतार येऊन माडीवरच्या खोलीची मापं घेऊन गेला होता. टेबल कुठे, कपाट कुठे, सगळं ठरलेलं होतं. मी माळ्यावरून ऐकलं होतं. त्या मुलीचं हसणं, ती चपराक, त्या वाट्या, सगळं फुकट गेलं होतं. मला तोंड असतं तर मी सुट्टीच्या पहिल्या दिवशीच सांगितलं असतं.

त्यानंतर माझे दिवस फिरले. घरात मोठा फ्रिज आला, दुकानांत आइस्क्रीमचे रंगीत डबे आले. रावपुऱ्यातलं घर विकून शिर्के मांजलपूरला एका सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये गेले. मला फेकायचं कुणाला सुचलं नाही, एवढंच. गॅलरीत माझ्या डब्यात कपड्यांचे चिमटे ठेवायचे. उन्हानं माझ्या फळ्या सुकून भेगाळल्या. पावसाळ्यात पट्ट्यांना गंज चढला.

अभिजितचं शिक्षण त्या टेबलावर फारसं झालं नाही. त्यानं एसटीडीचं बूथ टाकलं, मग पेजर विकले. घरोघर मोबाईल आले आणि दोन्ही धंदे बसले. दोन हजार नऊ सालच्या मे महिन्यात तो घरीच बसलेला होता. एके दिवशी कुणाकडून तरी त्याला कळलं की मुग्धा बडोद्यात परत आली आहे, आणि औषधांच्या एका मोठ्या कारखान्यात माणसं नेमायचं काम तिच्या हातात आहे.

"तिला बोलाव," अहल्या म्हणाली. "घरचीच मुलगी आहे. मृदुलाताई पण येतायत. सगळे जमू, जुन्या दिवसांसारखं. संचा काढू."

अठरा वर्षांत कुणी तिला एक पत्र टाकलं नव्हतं.

मला रात्रभर पाण्यात बुडवून ठेवलं. माझ्या फळ्या फुगल्या, भेगा बुजल्या, आणि खरं सांगतो मित्रांनो, मला आनंद झाला. पुन्हा बर्फ आला, पुन्हा आंब्याचा वास आला. मृदुला आणि मालविका आल्या. उदयसिंहराव त्याआधीच वारले होते. बळवंतराव खुर्चीत. एक हात लुळा पडलेला, बोलणं जवळजवळ बंद. अभिजितची सहा वर्षांची मुलगी आकांक्षा माझ्याभोवती नाचत होती.

मुग्धा गाडीतून आली. तिला पाहून सगळे उभे राहिले.

"ये ग बाळा," अहल्या म्हणाली. "किती वाळलीस! जेवतेस की नाही?"

"ए खारीशिंग!" अभिजित मोठ्यानं म्हणाला, आणि लगेच जीभ चावून हसला. "सॉरी हां, मॅडम. जुनी सवय. आठवतं का तुला? एकदा आख्खं आइस्क्रीम खारं केलं होतंस!"

"काय मजा होती ना तेव्हा," मालविका म्हणाली.

"हो," मुग्धा म्हणाली. "संचा मी फिरवते."

सगळे आत गप्पांना गेले. आकांक्षा तेवढी तिच्याजवळ राहिली. "आत्या, मी पण फिरवू?"

"फिरव."

"पंखा कुणाला मिळणार?"

"जो शेवटपर्यंत फिरवील त्याला."

दोघींनी फिरवलं. दांडा जड झाला तरी ती चिमुरडी हटेना. आइस्क्रीम असं सुरेख जमलं होतं की माझ्या जन्मात क्वचित जमलं असेल. मग मुग्धानं दांडा काढला. झाकण फडक्यानं नीट पुसलं आणि उघडलं. मिठाच्या पिशवीत हात घातला, मूठ भरली, आणि ती माझ्या पोटात सोडली. पुन्हा दुसरी मूठ. चेहऱ्यावर राग नव्हता. कांचन पोळीच्या पिठात मीठ घालायची तसं घातलं. झाकण लावून तिनं पुन्हा फिरवलं. आकांक्षा बघत होती. मोठी माणसं असंच करत असतील, असं तिला वाटलं.

मुग्धानं वाट्या भरून स्वतःच्या हातानं प्रत्येकाला दिल्या. स्वतः घेतली नाही. "घशाला त्रास होतो," म्हणाली.

पहिला चमचा अभिजितनं घेतला. त्याचा जबडा थांबला. त्यानं मुग्धाकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच पाहत होती. त्यानं घास गिळला.

"वाह!" तो म्हणाला. "काय हात आहे!"

अहल्येनं गिळलं. मालविकानं गिळलं. मृदुला डोळे मिटून म्हणाली, "अगदी तीच जुनी चव."

आकांक्षा पंखा घेऊन गॅलरीत बसली होती. तिनं तो मोठ्या मानानं चाटला आणि पळत आली.

"पप्पा, खारट आहे! थू! खाऊ नका!"

"खारट नाही. चूप बस."

"आहे! आत्यानं मीठ टाकलं, मी बघितलं!"

मित्रांनो, अभिजितचा हात उठला. तो आवाज मी ओळखला. अठरा वर्षांपूर्वी ओसरीवर अगदी तसाच झाला होता.

"खोटं बोलते? आत्याचं नाव घेते? सॉरी म्हण!"

"म्हण बाळा," अहल्या म्हणाली. "आत्याची माफी माग."

आकांक्षानं गालावर हात धरून मुग्धाकडे पाहिलं. मुग्धा पांढरीफटक पडली होती. तिनं एक पाऊल पुढे टाकलं, तशी मुलगी दाराआड सरकली. 'ती खरं बोलतेय,' एवढे तीनच शब्द पुरे होते. मुग्धाचे ओठ हललेही. पण तिनं पर्स उचलली आणि ती जिना उतरून गेली. मला तर तोंडच नव्हतं. तिला होतं.

मागे सगळे वाट्या संपवत बसले. बळवंतरावांनी डाव्या हातानं चमचा धरून आपली वाटी खरवडून पुसली. त्या घरात अन्न वाया जात नसे.

बळवंतराव त्याच थंडीत गेले. अहल्येला साखरेचा आजार झाला. आता तिला गोड खायला कुणी देत नाही. मृदुला इंदूरलाच आहे. मालविका कॅनडात गेली. दर मे महिन्यात ती सगळ्यांना जुने फोटो पाठवते आणि ते दिवस परत येणार नाहीत असं लिहिते. कांचन आणंदच्या वसतिगृहातच वारली, मुग्धाचा पहिला पगार व्हायच्या आत. मुलीला मारलेल्या त्या थपडेबद्दल ती मरेपर्यंत एक शब्द बोलली नाही, असं मुग्धानं आकांक्षाला नंतर एकदा फोनवर सांगितलं, तेव्हा आकांक्षा गॅलरीत माझ्याशेजारीच बसली होती. अभिजितला मुग्धानं कारखान्याच्या गोदामात लावून दिलं. त्या आइस्क्रीमचं कौतुक केलं म्हणून काम झालं, असं तो अजून समजतो. मुग्धा मांजलपूरला पुन्हा आली नाही. आकांक्षाच्या वाढदिवसाला ती दर वर्षी भेट पाठवते. आकांक्षा ती उघडत नाही. ती मोठी झाली आहे, हुशार आहे, आणि घरात कुणी काही विचारलं की हसते.

मला भंगारवाल्यानं नेलं. आता मी वासणा रस्त्यावरच्या एका हॉटेलच्या दारात शोभेला ठेवलेला आहे. सुट्टीच्या दिवशी मोठमोठी कुटुंबं येतात, माझ्याशेजारी उभी राहून फोटो काढतात. माझी काळजी घ्या, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझ्या फळ्या आणखी थोडी वर्षं टिकतील. पण तुमच्या घरी सगळे जमलेले असताना एखादं लहान मूल उठून 'खारट आहे' म्हणालं, तर त्याच्या तोंडाकडे पाहू नका. तुमच्या तोंडात जो घास आहे, त्याची चव कशी लागतेय ते मोठ्यानं सांगा.